मुल्हेर : बागुल राजांची सरहद्दीवरील राजधानी

नाशिकास येणारा यात्रेकरू गोदावरीच्या रामकुंडांत स्नान करतो, काळारामाचें दर्शन घेतो, त्र्यंबकेश्वरास जाऊन येतो, आणि अंगांत बळ असलें तर सप्तशृंगीचा गड चढून माघारीं वळतो. बहुतेकांचा नाशिक जिल्हा तेथेंच संपतो. सप्तशृंगीच्या उत्तरेस डोंगरांच्या रांगांमागून रांगा लागतात व त्यांच्या पोटांत बागलाण नांवाचा एक जुना मुलूख आहे, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकलेली असते. तो मुलूख पाहिलेले लोक मात्र थोडे. ह्या मुलुखास एके काळीं स्वतःचे राजे होते, स्वतःची टांकसाळ होती, स्वतःचा राजकवि होता, आणि गुजराथ, खानदेश व दख्खन ह्या तिहींच्या शिवेवर उभी असलेली एक तटबंदीची राजधानी होती. तिचें नांव मुल्हेर. संस्कृत ग्रंथांत तिला मयूरगिरि म्हटलें आहे. गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं ती पाहिली. तिची हकीकत वाचकांस सांगावी, आणि सरहद्दीवरचें शहर कशाच्या बळावर जगतें व कशामुळें मरतें ह्याविषयीं जो विचार तेथें मनांत आला तोही त्यांच्यापुढें ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

नाशिकाहून मुल्हेर सव्वाशें किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. आग्रा रस्त्यानें पिंपळगांव बसवंतपर्यंत जाऊन पुढें देवळ्यावरून सटाण्यास पोंचावें. सटाणें हें बागलाण तालुक्याचें मुख्य ठिकाण. आरम नदीच्या कांठच्या ह्या गांवीं देव मामलेदारांचें मंदिर आहे. यशवंत महादेव भोसेकर हे येथें मामलेदार असतांना इ. स. १८७०-७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी खजिना उपाशी रयतेस वांटून टाकला. सरकारी कामगारास लोकांनीं देव्हाऱ्यांत बसविल्याचें असें उदाहरण आमच्या देशांत क्वचितच सांपडेल. सटाण्याहून ताहाराबाद. हें गांव मोंगल सरदार महंमद ताहीर ह्याच्या नांवावरून वसलें असें सांगतात. त्या सरदाराची गांठ आपणांस पुढें पडणारच आहे. ताहाराबाद मागें पडलें म्हणजे मोसम नदीचें खोरें उघडतें, आणि उजव्या हातास मांगी व तुंगी हीं जैनांच्या पवित्र क्षेत्राचीं जुळीं शिखरें आकाशांत घुसलेलीं दिसूं लागतात. तेथें डोंगराच्या खडकांत कोरलेली १०८ फूट उंचीची ऋषभदेवांची मूर्ति इ. स. २०१६ मध्यें पुरी झाली.

वाटेंत दोन्ही अंगांस डाळिंबांच्या व द्राक्षांच्या बागा आणि कांद्याचीं शेतें लागतात. येथील शेतकरी हंगामाच्या आधींच द्राक्षें तयार करून परदेशीं पाठवितो, व डाळिंबावर पडणाऱ्या तेल्या रोगानें कधीं हवालदीलही होतो. हा सर्व उद्योग अलीकडचा असें वाटण्याचा संभव आहे. परंतु अबुल फजल ह्यानें अकबराच्या काळीं बागलाणाचें जें वर्णन लिहून ठेविलें आहे, त्यांत ह्या डोंगराळ पण दाट वस्तीच्या मुलुखांतील द्राक्षांची व डाळिंबांची आवर्जून वाखाणणी आहे. राजघराणीं गेलीं, बादशहा गेले, सरकारें बदललीं. पण मातीनें आपला स्वभाव सोडला नाहीं. प्रवाशानें ही गोष्ट मनांत ठेवून पुढें जावें, कारण मुल्हेरास पाहावयाचें आहे त्यांतील बरेचसें आतां मातीच्याच स्वाधीन झालेलें आहे.

मुल्हेर गांव मोसमच्या कांठीं आहे व गड त्याच्या दक्षिणेस सुमारें दोन मैलांवर. एकाच डोंगराच्या धारेवर तीन दुर्ग शेजारीं शेजारीं बसले आहेत : पूर्वेस मोरा, मध्यें मुल्हेर व पश्चिमेस हरगड. मधला मुल्हेर समुद्रसपाटीपासून तेराशें मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. वाट दाखविण्यास आम्हीं गांवांतील एका वृद्ध गृहस्थांस बरोबर घेतलें होतें. पहिला दरवाजा ओलांडल्यावर आम्हीं त्यांस विचारलें, “बाबा, गड कोठें सुरू झाला आणि गांव कोठें संपलें?” ते म्हणाले, “दादा, खालचें गांव तें आत्तांचें. खरें गांव वर होतें. आपण आतां गांवांतूनच चाललों आहों.” त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. डोंगराच्या मध्यावर जी विस्तीर्ण माची आहे तिच्यावर पायवाटेच्या दोहों बाजूंस झाडोऱ्यांत घरांचीं जोतीं दिसतात, आणि जोत्यांमागून जोतीं अशीं तीं पुष्कळ वेळ संपत नाहींत. तळ्याच्या कांठीं गणपतीचें देऊळ आहे. सोमेश्वराचें देऊळ आहे, त्याच्या खोल गाभाऱ्यांत आजही दिवा लागतो. मोती तलाव आहे. आणि राजवाडा म्हणून जी जागा दाखवितात तेथें पडक्या भिंती व दगडी चौकटी उरल्या आहेत. बाकीच्या वैभवाची कल्पनाच करावी लागते.

माचीवरून बालेकिल्ल्यास जाणारी वाट कड्याच्या खांचेंतून, दरवाज्यामागून दरवाजे ओलांडीत वर चढते. वर सपाटी आहे, पाण्याचीं टांकीं आहेत, व भडंगनाथाचें लहानसें देऊळ आहे. जुन्या नोंदींत ह्या गडावरील फत्तेलष्कर, रामप्रसाद, शिवप्रसाद व मार्कंडेय अशा चार तोफांचीं नांवें येतात. एक नांव फारशी वळणाचें व तीन पुराणांतलीं. ह्या एवढ्याशा यादींतच गडाच्या धन्यांचा सगळा फेरफार सामावलेला आहे.

बालेकिल्ल्यावर उभें राहून चहूंकडे पाहिलें, म्हणजे ही जागा राजधानीसाठीं कां निवडली हें कोणी सांगावें लागत नाहीं. पश्चिमेस साल्हेरचें शिखर दिसतें. तें १,५६७ मीटर उंच आहे. महाराष्ट्रांतील किल्ल्यांत त्याहून उंच किल्ला नाहीं, व महाराष्ट्रांतील शिखरांत कळसूबाई तेवढी त्याहून उंच. परशुरामानें तेथूनच बाण मारून समुद्र मागें हटविला अशी कथा आहे, व शिखरावर त्याचें लहानसें मंदिर आहे. साल्हेरच्या पलीकडे डांगचें अरण्य, आणि त्याच्या पलीकडे सुरतेचें बंदर. पूर्वेस मोसम खानदेशाच्या सपाटीकडे उतरत जाते. दक्षिणेस चांदवड व नाशिक. उत्तरेस नंदुरबार व तापीचें खोरें. सुरतेस जहाजांतून उतरणारा माल बऱ्हाणपुराकडे, व तेथून आग्र्यास किंवा दख्खनेंत जावयाचा, तर त्याला बागलाणच्या कडेकडेनें किंवा त्याच्या घाटांतून जाणें भाग पडे. ज्याच्या हातीं घाट त्याच्या हातीं जकात. आणि ज्याच्या हातीं जकात त्यास सैन्य बाळगण्यास रयतेची मान मुरगाळावी लागत नाहीं. ही ह्या राज्याची मूळ शिदोरी.

आतां राजांविषयीं. ह्या घराण्यास बागुल म्हणत, व त्यांच्यावरूनच मुलुखास बागलाण नांव पडलें असें मानतात. आपण कनोजच्या राठोडांचे वंशज आहों असें ते सांगत. मोंगल इतिहासकार त्यांचें राज्य चौदाशें वर्षांचें म्हणून लिहितात. एवढा मोठा आंकडा खरा मानण्यास आधार नाहीं. पण शेजारपाजारची इतकीं राज्यें उदयास येऊन बुडालीं तरी हें एक टिकून आहे ह्याचें लोकांस किती नवल वाटत असेल, तें मात्र त्यांतून कळतें. इ. स. १३४० च्या सुमारास मुल्हेर व साल्हेर हे डोंगर मानदेव नांवाच्या राजाकडे असल्याचा उल्लेख फारशी तवारिखेंत आहे. तेव्हांपासून धरलें तरी इ. स. १६३८ पर्यंत तीनशें वर्षें भरतात. दिल्लीचे सुलतान, बहामनी, गुजराथचे सुलतान, खानदेशचे फारुकी, अहमदनगरचे निजामशहा ह्या सर्वांच्या मध्यें तीनशें वर्षें एक लहानसें हिंदु राज्य नांदत राहिलें, हें आश्चर्य लहान नव्हे. प्रत्येक गादीवर येणारा राजा बहरजी हा किताब धारण करी. बहरजी हें भैरव ह्या शब्दाचेंच फारशी लेखणींतून उतरलेलें रूप असावें असा तर्क आहे.

ह्या घराण्याची खरी वंशावळ आपणांस मिळते ती मुल्हेरच्याच एका पंडिताच्या कृपेनें. अनंताचा पुत्र रुद्रकवि हा नारायणशहा राजाच्या पदरीं होता. त्यानें शके १५१८ म्हणजे इ. स. १५९६ मध्यें ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हें वीस सर्गांचें संस्कृत काव्य रचिलें. राठोड ह्या शब्दास त्यानें राष्ट्रौढ असें भारदस्त रूप दिलें, व मूळ पुरुषापासून आपल्या धन्यापर्यंत सर्व पिढ्या गाऊन ठेविल्या. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें इ. स. १९१७ मध्यें हें काव्य छापून प्रसिद्ध केलें. राजकवीचें काव्य म्हणजे इतिहास नव्हे, हें खरें. त्यांत धन्याचा पराजय कधीं होत नाहीं. परंतु पुढें नारायणशहाचा पुत्र प्रतापशहा गादीवर असतां ह्याच रुद्रकवीनें जहांगीर बादशहावर व त्याचा सेनापति खानखानान ह्याच्यावर संस्कृतांत स्तुतिपर चरित्रें रचिलीं. ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे काव्यापेक्षां तीं रचण्याचें कारण अधिक बोलकें वाटतें. लहान राजाचा कवीसुद्धां त्याच्या वकिलाचें काम करीत असे!

राज्याचें बळ काय होतें ह्याचे आंकडे परक्यांनींच लिहून ठेविले आहेत. अबुल फजल ह्या राजाचें घोडदळ आठ हजार व पायदळ पांच हजार सांगतो, व सात किल्ल्यांपैकीं मुल्हेर आणि साल्हेर हे दोन विलक्षण बळकट म्हणून वेगळे काढतो. शहाजहानच्या काळचा पादशहानामा नऊ किल्ले, चौतीस परगणे व एक हजार एक गांवें मोजतो. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी इ. स. १६१० मध्यें सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जातांना ह्या मुलुखाजवळून गेला. मुल्हेर व साल्हेर हीं मोठीं शहरें असून तेथें महमुदी नांवाचें नाणें पाडलें जातें, असें त्यानें टिपून ठेविलें आहे. महमुदी हें मूळचें गुजराथच्या सुलतानांचें चांदीचें नाणें. सुरतेच्या बाजारांत तें चाले. डोंगरांतल्या राजानें आपल्या टांकसाळींत बंदरांत चालणारें नाणें पाडावें, ह्यांत त्याचें व्यवहारज्ञान दिसून येतें. स्वतःच्या नांवाचा डौल मिरविण्यापेक्षां व्यापाऱ्याच्या पिशवींत चालेल तें नाणें पाडणें त्यानें पसंत केलें.

फिंचास वाटेंत एक हकीकतही ऐकावयास मिळाली. अकबरानें बागलाण घेण्यासाठीं सात वर्षें वेढा घातला. पण डोंगरावर गवत, धान्य व पाणी मुबलक, आणि वाट अशी अरुंद कीं दोन माणसांहून अधिक शेजारीं चालूं शकत नाहींत. शेवटीं बादशहास तडजोड करावी लागली. त्यानें कांहीं गांवें राजास दिलीं. राजानें वाटेनें जाणाऱ्या व्यापाऱ्यांचें रक्षण करण्याचें, नजराणा पाठविण्याचें व एक मुलगा बऱ्हाणपुरास ओलीस ठेवण्याचें कबूल केलें. सात वर्षें हा आंकडा कालगणनेस जुळत नाहीं, कारण खानदेश जिंकल्यानंतर अकबर पुरतीं पांच वर्षेंही जगला नाहीं. परंतु तहाचीं कलमें मात्र अगदीं शोभण्यासारखीं आहेत. वाट सुरक्षित ठेवणें हाच ह्या राज्याचा धंदा होता, व त्याच मालाचा त्यानें बादशहाशीं सौदा केला.

सरहद्दीवरच्या राजाची खरी परीक्षा युद्धांत होत नाहीं. ती आश्रयास आलेल्या पाहुण्याच्या वेळीं होते. बागलाणच्या इतिहासांत असे दोन पाहुणे ठळक दिसतात. पहिला गुजराथचा शेवटचा वाघेला राजा कर्ण. अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजांनीं अणहिलवाड घेतल्यावर तो देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या आधारानें बागलाणांत येऊन राहिला, व ह्या डोंगरांच्या आसऱ्यानें त्यानें कांहीं वर्षें तग धरला. इ. स. १३०७ च्या सुमारास तोही आश्रय तुटला, व त्याची कन्या देवलदेवी वेरुळाजवळ दिल्लीच्या फौजेच्या हातीं लागली. दुसरा पाहुणा शरफुद्दीन हुसेन मिर्झा. हा अकबराचा मेहुणा. बंड करून वर्षानुवर्षें वणवण फिरत होता. इ. स. १५७३ मध्यें अकबरानें सुरत घेतली तेव्हां हा मिर्झा बागलाणांतून जात असतां बहरजीनें त्यास धरलें व बादशहापुढें नेऊन हजर केलें.

एकास आसरा मिळाला, दुसऱ्यास बेड्या पडल्या. एवढ्यावरून पूर्वीचे लोक उदार होते व नंतरचे नीच झाले, असा निकाल देणें सोपें आहे. पण तो न्याय होणार नाहीं. कर्णाच्या वेळीं पाठीशीं देवगिरीचें राज्य उभें होतें. मिर्झाच्या वेळीं गुजराथची सल्तनत नुकतीच कोसळली होती, व पश्चिमेचा शेजारी म्हणून स्वतः अकबर येऊन बसला होता. घराचें दार कोणासाठीं उघडावयाचें हें घरधन्याच्या मनावर असतें खरें. परंतु घर रानाच्या तोंडाशीं असलें तर तो आधीं बाहेरचा कानोसा घेतो.

येथेंच मुल्हेरच्या भाग्याचें व दुर्भाग्याचें मर्म आहे, असें आम्हांस वाटतें. तट, कडे, टांकीं, तोफा ह्यांनीं वेढा लांबतो. त्यांच्यावर राज्य तीनशें वर्षें टिकत नाहीं. तें टिकलें, कारण चोहों बाजूंस निरनिराळे धनी होते व त्यांचें एकमेकांशीं पटत नव्हतें. गुजराथचा सुलतान चालून आला तर अहमदनगराकडे पाहावें, अहमदनगरानें खंडणी मागितली तर खानदेशाशीं सूत जमवावें; आणि कोणासही हें राज्य दुसऱ्याच्या घशांत जाऊं देणें परवडत नसे. युरोपांत आल्प्सच्या घाटांवर बसलेलें साव्हॉयचें राज्य फ्रान्स व स्पेन ह्यांच्या मध्यें अशाच युक्तीनें तगलें. साव्हॉयचे भोंवतालचे बलाढ्य शेजारी कधीं एकाच छत्राखालीं आले नाहींत, आणि त्याच घराण्याचा राजा इ. स. १८६१ मध्यें साऱ्या इटलीचा राजा झाला. मुल्हेरच्या नशिबीं तें नव्हतें. इ. स. १५७३ मध्यें गुजराथ गेलें. इ. स. १६०१ मध्यें असीरगड पडला व खानदेश गेला. इ. स. १६३६ मध्यें निजामशाही संपली. तीन बाजूंचे तीन शेजारी जाऊन त्या जागीं एकच मोंगल बादशहा उभा राहिला. मुल्हेरचा तट होता तेथेंच होता, कडाही तेवढाच उंच होता. नाहींशी झाली ती सरहद्द. दोन राज्यांमधलें शहर एका राज्याच्या पोटांत आलें म्हणजे त्याचें पुढें काय व्हावयाचें हें ठरलेलेंच असतें.

तें व्हावयास दोन वर्षेंही लागलीं नाहींत. औरंगजेब तेव्हां दख्खनचा सुभेदार होता. त्यानें मालोजी दखनी व महंमद ताहीर ह्या सरदारांबरोबर तीन हजार घोडेस्वार व दोन हजार बंदूकधारी देऊन मुल्हेरावर पाठविले. इ. स. १६३८ च्या जानेवारींत त्यांनीं माचीवरची वस्ती हल्ला करून घेतली. आम्हीं जीं जोतीं पाहिलीं तीं ह्याच वस्तीच्या जागेवर आहेत. बहरजी बालेकिल्ल्यावर चढला व वेढा सुरू झाला. कांहीं काळानें राजानें आपल्या मातोश्रीस व कारभाऱ्यास आठ किल्ल्यांच्या किल्ल्या देऊन औरंगजेबाकडे पाठविलें, आणि सुलतानपूर परगणा आपणांकडे राहूं दिल्यास बादशाही चाकरी पत्करतों असें कळविलें. मागणी मान्य झाली. जून महिन्यांत बहरजी गडाखालीं उतरला. पुढें थोड्याच दिवसांत तो वारला. त्याच्या मुलानें मुसलमानी धर्म स्वीकारला, व दौलतमंदखान ह्या नांवानें तो बादशाही मनसबदारांत मोडूं लागला.

पराभवाचे प्रसंग इतिहासांत पुष्कळ आहेत. परंतु वृद्ध आई किल्ल्यांचा जुडगा घेऊन शत्रूच्या छावणींत जात आहे, हें चित्र मनांतून लवकर हलत नाहीं. अशा वेळीं लढून मरावें कीं माणसें वांचवावीं, हा प्रश्न घरांत बसून सोडविणें सोपें असतें. बालेकिल्ल्यावर अन्न किती दिवसांचें उरलें होतें, बरोबर बायकामुलें किती होतीं, मदतीस कोणी येण्यासारखा उरला होता कीं नाहीं, ह्याचा हिशेब बहरजीस करावयाचा होता. मदतीस येण्यासारखा कोणीही उरला नव्हता, एवढें आपणांस निश्चित माहीत आहे. म्हणून त्यास भ्याड म्हणण्यास आमची जीभ उचलत नाहीं. त्यानें राज्य गमावलें. पण आपल्या माणसांची कत्तल मात्र होऊं दिली नाहीं.

मुल्हेरची कथा येथें संपावयाची, पण ती संपली नाहीं. कारण सरहद्द परत आली. शिवाजीमहाराजांचें राज्य उभें राहिलें, आणि मोंगलांची सुरत व मराठ्यांचा सह्याद्रि ह्यांच्या मध्यें बागलाण पुन्हा शिवेवर आलें. इ. स. १६७० मध्यें सुरत दुसऱ्यांदा लुटून परततांना महाराज ह्याच मुलुखांतून आले, व त्यांच्या फौजेनें मुल्हेरच्या पायथ्याची पेठ लुटली. इ. स. १६७१ च्या आरंभीं साल्हेर मराठ्यांनीं घेतला. तो सोडविण्यासाठीं मोंगलांची मोठी फौज आली, आणि इ. स. १६७२ मध्यें मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर ह्यांनीं साल्हेरच्या पायथ्याशीं उघड्या मैदानांत तिचा पाडाव केला. गनिमी काव्याच्या लढाया मराठ्यांनीं पुष्कळ जिंकल्या होत्या. समोरासमोरची एवढी मोठी लढाई जिंकल्यानें त्यांचा दरारा वेगळाच बसला. सूर्यराव काकडे ह्यांच्यासारखा वीर तेथें पडला. त्यानंतर मुल्हेरही मराठ्यांकडे आला. संभाजीमहाराजांच्या काळांत हे किल्ले पुन्हा मोंगलांनीं घेतले. इ. स. १७५२ च्या भालकीच्या तहानें बागलाण निजामाकडून पेशव्यांकडे आलें. शेवटीं इ. स. १८१८ च्या जुलै महिन्यांत पेशव्यांच्या वतीनें गड राखणाऱ्या रामचंद्र जनार्दन फडणीस ह्यांनीं तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. शनिवारवाड्यावरचें निशाण उतरून तेव्हां आठ महिने झाले होते. पुण्यापासून इतक्या दूर, राज्याच्या अगदीं टोंकास, हा गड धनी नाहींसा झाल्यावरही उभा राहिला होता. ह्यानंतर पुन्हा साऱ्या मुलुखाचा धनी एकच झाला, व मुल्हेरची माची हळूहळू रिकामी होऊन लोक खालीं नदीकांठीं राहूं लागले.

आज साल्हेरचें नांव जगभर गेलें आहे. इ. स. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, त्यांत साल्हेर आहे. ह्याचा आनंद कोणास होणार नाहीं? परंतु साल्हेरच्या शेजारीं, जेथें राजे राहिले, जेथें नाणें पडलें, जेथें वीस सर्गांचें काव्य लिहिलें गेलें, त्या मुल्हेरास वाट वांकडी करून जाणारा माणूस अजूनही विरळाच. माचीवरचीं जोतीं झाडांच्या मुळांनीं दरवर्षीं थोडीं थोडीं उकलत आहेत. लढाईचें मैदान स्मरणांत राहतें व नांदतें शहर विसरलें जातें, ही इतिहासाची जुनी खोड आहे. तिला आळा घालणें आपल्या हातीं आहे. निदान त्या जोत्यांची नीट मोजणी होऊन नकाशा तयार व्हावा, आणि कोणती जागा कशाची हें सांगणारी पाटी तेथें लागावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाहीं.

मुल्हेरचें एक वैभव मात्र पडलेलें नाहीं. खालच्या गांवांत उद्धव महाराज ह्या वैष्णव सत्पुरुषांची समाधि आहे, व तेथें दरवर्षीं कोजागिरी पौर्णिमेस रासक्रीडेचा उत्सव होतो. मोठें लांकडी चक्र केळीच्या पानांनीं व फुलांनीं शृंगारून खांबावर चढवितात, आणि त्याच्याखालीं रात्रभर रासाचीं पदें गातात. त्या पदांत मराठीबरोबर हिंदी व गुजराथी वळणाचीही रचना आहे. सरहद्दीवरच्या गांवाच्या गळ्यांत असेंच गाणें असावयाचें. इ. स. १९६० मध्यें महाराष्ट्र व गुजराथ हीं दोन राज्यें झालीं तेव्हां डांग गुजराथेंत गेलें व साल्हेरच्या पलीकडून पुन्हा एक शीव निघाली. आतांची शीव जकातीची नाहीं व वेढ्याचीही नाहीं, एस. टी. ची मोटार ती सहज ओलांडते, आणि दोहों बाजूंचे लोक एकमेकांच्या बाजारास जातात.

ज्यांस मुलांबाळांसह हा मुलूख पाहावयाचा असेल त्यांनीं पावसाळा संपून हिंवाळा लागतांना जावें. मुक्काम सटाण्यास किंवा ताहाराबादेस करून पहांटे निघावें. वडील मंडळींनीं सोमेश्वरापर्यंत जाऊन माचीवरच थांबावें. तेथें सांवली आहे व पाहण्यासारखेंही पुष्कळ आहे. तरुणांनीं वाटाड्या बरोबर घेऊन बालेकिल्ला चढावा. जातांना प्यावयाचें पाणी न्यावें. आणि माचीवर मुलांना एवढें अवश्य सांगावें, कीं ज्या दगडावर तुम्ही बसलां आहां तो कोणाच्या तरी ओसरीचा आहे.